तून

(कुरक, नंदिवृक्ष; शास्त्रीय नाव तूना सिलिआटा; कुल मेलिएसी.) कडुनिंबाच्या कुलातील मोठा पानझडी वृक्ष. लाकडाच्या व्यापारात त्याला रेड सीडर म्हणत असले, तरी हिमालयातल्या देवदाराशी त्याचे नाते नाही. भारतापासून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत त्याचा प्रसार आहे. सह्याद्रीत तो ओढ्याकाठच्या ओलसर जंगलात वाढतो. उंची साधारणपणे २० ते ३० मी.

पालवी तांबूस, पाने संयुक्त. पुणे परिसरात सर्रास दिसणाऱ्या महारुखाशी त्याची गल्लत होते. मात्र महारुखाच्या पर्णिकांची कड दातेरी असते, तुनाची बहुधा सलग. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मधासारख्या वासाच्या लहान, पांढरट फुलांचे झुबके येतात आणि त्यांवर मधमाश्या गर्दी करतात. या फुलांपासून पूर्वी कापडासाठी पिवळा रंग काढीत. फळ म्हणजे सुमारे दोन सेंमी.चे बोंड. वाळले की ते पाच फाकांनी उघडते आणि दोन्ही टोकांना पातळ पंख असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात.

लाकूड विटकरी, हलके, सुवासिक आणि रंध्याखाली सहज येणारे. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी हेच लाकूड कर्नाटकातून आणतात, भोपळे मंगळवेढ्याकडचे. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

लागवड : मे-जूनमध्ये बोंडे फुटण्याआधी उतरवून उन्हात वाळवावीत. किलोभरात तीन लाखांच्या आसपास बिया भरतात, पण त्यांची उगवणशक्ती लवकर जाते. म्हणून ताजे बी गादीवाफ्यावर पसरून त्यावर मातीचा जेमतेम थर द्यावा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. रोपांना कडक ऊन सोसत नाही, सावलीची जाळी हवीच. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ती जागेवर लावावीत.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात जागेची निवड सर्वांत महत्त्वाची. लोणावळ्याला चार हजार मि.मी.च्या वर पडणारा पाऊस इथवर येता येता हजाराच्या खाली उतरतो. मुरमाड माळावर किंवा कारखान्याच्या भरावावर तून खुरटतो. पवना-इंद्रायणीच्या काठची, पूर ओसरल्यावर पाणी न साचणारी खोल माती त्याला मानवते. इतरत्र पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते. मुळे वरच्या थरात पसरतात, त्यामुळे भिंत आणि गटारापासून तो लांबच ठेवावा.

खरा शत्रू शेंडा पोखरणारी अळी, हिप्सिपायला रोबस्टा. कोवळ्या शेंड्यावर छिद्र आणि भुसा दिसतो, मग शेंडा सुकून मान टाकतो. खालून अनेक फांद्या फुटतात आणि सरळ सोट खोड मिळत नाही. ऑस्ट्रेलियात याच अळीने तुनाच्या सलग लागवडी मोडीत काढल्या. कारखान्यांच्या हरित पट्ट्यांत एकाच जातीच्या रांगा लावण्याची पद्धत या वृक्षाला घातक आहे. करंज, जांभूळ, शिरीष यांच्या विरळ सावलीत मधूनमधून एखादा तून लावावा, किडका शेंडा निरोगी भागापर्यंत छाटून जाळावा आणि नव्या फुटव्यांतला एकच जोमदार ठेवावा.

महापालिका हद्दीत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लाकडासाठी लागवड करणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.