माड आणि डोलकाठी

वसंत ऋतू म्हटला की आपल्या मनासमोर आम्रमोहोर, कोकिळा आणि मलयानिल ही काव्यातली सामग्री आपोआप उभी राहते. संस्कृत कवींनी हा ऋतू इतका सजवून ठेवला आहे, की त्यात कोणाला कष्टही पडत असतील ही कल्पना आपणांस सहसा सुचत नाही. आज मी आपणांस ज्या वसंताकडे नेणार आहे, त्यात मोहोर आहे आणि वाराही आहे; परंतु त्याचा नित्याचा आवाज कोकिळेचा नसून विहिरीवरच्या रहाटाचा आहे, आणि त्यातला वारा विरहिणींना छळण्यासाठी नव्हे, तर गलबतांची शिडे भरण्यासाठी वाहतो. हा वसंत कोकण किनाऱ्यावरचा, आणि तोही शिडाच्या जहाजांच्या काळातला आहे.

मुंबईच्या दक्षिणेस, समुद्रमार्गाने तीस-पस्तीस किलोमीटरांवर अलिबाग लागते. त्याच्या दोन्ही अंगांना थळ, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी जी नारळी-पोफळींची गावे आहेत, त्या मुलखाला पूर्वीपासून अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे घराला लागून असलेली बाग. नागपूर-इंदूरकडच्या श्रोत्यांनी परसबागेची कल्पना करावी. मात्र ही परसबाग भाजीच्या चार वाफ्यांची नव्हे. वर माडांचे छत, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढवलेले मिरीचे व नागवेलीचे वेल, त्याखाली केळी, अळू, आणि विहिरीच्या कडेला अबोली-मोगऱ्याची चार झाडे, असा तो तीन-चार मजली संसार असतो. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला पुळण आणि पुळणीपलीकडे समुद्र. घरातला एक हात बागेत आणि दुसरा समुद्रात असे, आणि या दोन्ही हातांना सर्वांत अधिक काम फाल्गुनापासून वैशाखाअखेरपर्यंत पडे.

त्या दिवसांतली एक पहाट पाहू. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, आणि मग जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटतो. त्याला आपल्याकडे मतलई म्हणतात. दिवसा याच्या उलट घडते. जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा आत येतो. भूगोलाच्या पुस्तकात हे दोन वारे आपण पाठ केले. किनाऱ्यावरच्या माणसाचे सारे वेळापत्रकच त्यांच्यावर बसवलेले होते. उत्तरेला मुंबईकडे जाणारा मचवा मतलईवर शीड उभारून पहाटेच्या अंधारात खाडीबाहेर पडे आणि दुपारपर्यंत साधेल तितकी मजल मारून घेई. कारण त्यानंतरचा वायव्येचा वारा त्याला प्रतिकूल असे. परतीच्या वाटेवर तोच वायव्येचा वारा मित्र होई. जाताना पहाटेचा वारा आणि येताना दुपारचा, असा हा हिशेब होता. जाताना नारळ, सुपारी, कोकम, आंबे आणि पांढऱ्या कांद्याच्या वेण्या जात. येताना धान्य, कापड आणि घरात लागणारा बारीकसारीक जिन्नस येई.

मचवा दिसेनासा झाला की इकडे रहाट सुरू होई. माघानंतर पाण्याची पातळी उतरू लागते, आणि नेमकी याच दिवसांत बागेची तहान वाढते. पोफळ तर पाण्याविना चार दिवसही धीर धरीत नाही. कोठे बैल, कोठे रेडा रहाट ओढी. लहान विहिरीवर माणूसच पायाने तो फिरवी. गाडग्यांची माळ रिकामी खाली जाई आणि भरून वर येई. ते पाणी पाटाने एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात नेले जाई. आपण संसाराचे रहाटगाडगे असा शब्दप्रयोग सहज करतो. ज्या घरचा कर्ता पुरुष आठ महिने पाण्यावर असे, त्या घरच्या बाईला तो अलंकार वाटत नसे. दार उघडून पाणी कोणत्या आळ्याकडे वळवायचे, केळीचा कोणता कोंब ठेवायचा, नारळ उतरवायला गडी केव्हा बोलवायचा, हे सारे निर्णय तिचे असत. आगर तिच्या मालकीचे असेच असेही नाही. पुष्कळ खलाशांची घरे दुसऱ्याच्या आगरात कुळे म्हणून राहत, आणि उत्पन्नातला मोठा वाटा मालकाकडे जाई. परंतु घाम मात्र त्यांचाच असे.

बाग आणि गलबत यांचे हे नाते केवळ शेजाराचे नव्हते. गलबताचा कितीतरी भाग बागेतच तयार होई. नारळाची सोडणे खाडीच्या खाऱ्या चिखलात काही महिने पुरून ठेवायची, कुजून मऊ झाली की बडवून काथ्या काढायचा आणि तो वळून सुंभ व दोर करायचे. नांगराचा दोर, शिडाचा दोर, सारे या काथ्याचे. कारण खाऱ्या पाण्यात तो अन्य दोरांपेक्षा अधिक टिकतो. एके काळी तर अरबी समुद्रातली जहाजेच काथ्याने शिवीत असत. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात अशी खिळ्यांवाचून शिवलेली जहाजे पाहिली, आणि हा धागा भारतीय नारळाच्या सालीचा आहे, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. आणि माणसांचेही तसेच होते. माडावर चढून माडी काढणारा भंडारी समाज आरमारातही अग्रेसर होता. १६७९ साली थळसमोरच्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांचा किल्ला उभा राहिला, तेव्हा इंग्रजांच्या जहाजांना दाद न देता ते काम चालू ठेवणाऱ्या सरदाराचे नाव मायनाक भंडारी असे होते. ज्याचे पाय माडावर ठरत, त्याला डोलकाठी परकी नव्हती.

आता याची दुसरी बाजू पाहा. बागेने गलबताला दोर दिला, तर गलबताने बागेला काय दिले? आज आगरात फिरताना ज्या झाडांना आपण अस्सल कोकणी समजतो, त्यांतली कितीतरी जहाजातून उतरलेली आहेत. काजू, अननस, पपई, पेरू आणि स्वयंपाकघरातली मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्या किनाऱ्यास लागली. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली भारतीय औषधी व फळे यांवर संवादरूपाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईचे बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. आंब्यावरच्या संवादात एक लहानसा प्रसंग आहे. बोलणे चालू असतानाच नोकर येऊन सांगतो, की मुंबईहून आपले कूळ आले आहे, त्याने आंब्यांची टोपली आणली आहे, आणि जहाज नांगरून तो भेटीस येतच आहे. चौलच्या बंदरात १५०८ च्या मार्चमध्ये झालेले आरमारी युद्ध इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर सापडते. बागेतून जहाजात आणि जहाजातून एका वैद्याच्या दारात आलेली ही टोपली मात्र एका वनस्पतीशास्त्राच्या ग्रंथात ओघाने राहून गेली आहे. माझ्या दृष्टीने त्या किनाऱ्याचा वसंत युद्धापेक्षा त्या टोपलीत अधिक आहे.

आपल्याकडे असे एक मत रूढ आहे, की सिंधुबंदीने हिंदू समाजाला समुद्रापासून दूर ठेवले. ग्रंथांपुरते आणि काही वर्णांपुरते ते खरे आहे. परंतु पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत सेमुल्ला या नावाने ज्या बंदराचा उल्लेख येतो ते चौलच, असे विद्वान मानतात. म्हणजे निदान दोन हजार वर्षे या किनाऱ्यावरून गलबते ये-जा करीत होती. ती चालवणारे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी हे लोक सिंधुबंदीचा श्लोक वाचीत नव्हते, आणि दुर्दैवाने स्वतःचा इतिहासही लिहीत नव्हते. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी समुद्र सोडला होता, म्हणून साऱ्या समाजानेच सोडला, असा निष्कर्ष आपण काढला.

लेखणी हाती असूनही ज्याला बाग आणि गलबत दोन्ही दिसली, असा एक पुरुष मात्र मराठी इतिहासात आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आज्ञापत्र सिद्ध केले. त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याचा विचार आहे. आंबा आणि फणस यांचे लाकूड जहाजांना उपयोगी पडते, हे ते मान्य करतात. आणि तरीही त्या झाडांना हात लावू नये, अशी आज्ञा देतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. जबरदस्ती करू नये. श्रोतेहो, राज्याला आरमाराची निकड होती आणि समोर सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज उभे होते. अशा वेळी गलबत मोठे की परसातला आंबा, या प्रश्नाचे उत्तर अमात्यांनी आंब्याच्या बाजूने दिले.

वैशाख सरू लागला की मतलई मंदावे. नैऋत्येकडून लांब, जड लाटा येऊ लागत, आणि मुरलेला तांडेल त्यावरून पुढचे ओळखी. शेवटच्या खेपेची घाई उडे. वाट पाहणाऱ्या घरांना हे दिवस जड जात. कारण उशिरा निघालेले गलबत आणि लवकर आलेला पाऊस यांची गाठ पडली, तर पुढे सांगायला कोणी उरत नसे. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी ईस्टरच्या सणानंतर होर्मुझहून घोडा घेऊन निघाला आणि चौलला उतरला. त्याची खेप अशीच ऋतूच्या अखेरची होती; पुढे जुन्नरला त्याला पावसात व चिखलात अडकून पडावे लागले. मृगापूर्वी गलबत खाडीच्या आडोशाला ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारीत. ते झापही आगरातलेच. पहिला पाऊस पडला की रहाटही थांबे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद आणि विहीरही बंद. घरातली दोन्ही माणसे मग भातशेतीत शेजारी शेजारी उभी राहत.

ही शिस्त पुढे यंत्राने मोडली. आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नव्हती, म्हणून ऋतूचीही पाहावी लागणार नाही, असे वाटू लागले. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. शिडाची गलबते बुडत नसत असे मी म्हणत नाही, पुष्कळ बुडाली. परंतु आषाढात प्रवासी भरून ती निघतच नसत. त्यानंतरच्या काळात मचव्यांना इंजिने बसली, विहिरींवर विजेचे पंप आले, आणि २०२० साली मुंबई-मांडवा मार्गावर मोटारी वाहून नेणारी जहाजे सुरू झाली. रहाट आणि शीड यांच्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. ज्या पायांनी रहाट फिरवला, त्यांना पंपाचे मोल अधिक कळते.

त्याच २०२० साली, ३ जून रोजी, निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. वैशाखाअखेरची जी भीती गलबतांच्या घरांना वाटे, ती या वेळी बागांवर उतरली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले माड आणि पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. नवा माड फळाला येण्यास कित्येक वर्षे लागतात. आडवी झालेली झाडे दूर करून पुन्हा रोपे लावणाऱ्या बागायतदारांनी आज्ञापत्र वाचले असेल किंवा नसेल. परंतु ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. आपल्या इतिहासात राजांच्या आणि लढायांच्या तारखा पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी या रोपांना पाणी घालणाऱ्यांसाठीही थोडी जागा असावी, एवढेच मला आज सांगावयाचे होते.