बर्फ, मोटार आणि मागचीं चाकें

हिंवाळा म्हटला म्हणजे मुंबई-पुण्याकडील गृहस्थाच्या डोळ्यांपुढें पहांटेचें धुकें, अंगणांतील शेकोटी, फार तर महाबळेश्वरची गारठलेली सकाळ उभी राहते. तीन तीन, चार चार महिने जमीन दृष्टीस पडत नाहीं अशा हिंवाळ्याची त्याला केवळ कल्पनाच करावी लागते. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट व न्यू हॅम्पशायर हीं राज्यें आणि त्यांच्या उत्तरेस असलेला कॅनडाचा क्वेबेक प्रांत, येथील हिंवाळा अशा जातीचा आहे. मोटारीनें या मुलुखांत पाऊल टाकलें तेव्हां तिची जी फजिती झाली, आणि त्या फजितींतून माणसांनीं जे मार्ग काढले, त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. एके ठिकाणीं तो फार करुणही आहे.

मोटार येण्यापूर्वीं त्या मुलुखांत बर्फ हाच रस्ता होता. उन्हाळ्यांत खांचखळग्यांनीं आणि वसंतांत चिखलानें हैराण करणारी वाट बर्फ पडतांच गुळगुळीत होई. चाकें काढून ठेवीत आणि घोड्यांना घसरगाड्या जुंपीत. जंगलांतील मोठमोठे ओंडके ओढून आणण्याचें काम तर मुद्दाम हिंवाळ्यासाठीं राखून ठेवलेलें असे. बर्फ बाजूला सारण्याचा विचारही कोणी करीत नसे. उलट पुरुषभर उंचीचे लांकडी रूळ घोड्यांच्या अनेक जोड्यांकडून ओढवून गांवकरी तो दाबून घट्ट करीत. त्या भागांत नद्यांवर छप्पर असलेले लांकडी पूल पुष्कळ आहेत. छपरामुळें पुलाच्या आंत बर्फ पडत नसे आणि घसरगाडी कोरड्या फळ्यांवर अडून बसे. म्हणून माणसें लावून बाहेरचा बर्फ फावड्यांनीं पुलांत टाकवीत असत! पैसे देऊन रस्त्यावर बर्फ घालणारे हे लोक आणि आज पैसे देऊन तो काढणारे त्यांचेच नातू, यांच्यामध्यें जें कांहीं घडलें तें सर्व मोटारीमुळें घडलें.

आरंभींची मोटार ही बव्हंशीं श्रीमंतांची उन्हाळी हौस होती. परंतु १९०८ सालीं हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ निघाली, आणि १९२७ पर्यंत या एकाच नमुन्याच्या दीड कोटींहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. ती शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोंचली, डॉक्टरच्या आणि टपालवाल्याच्या हातीं गेली. आतां हिंवाळ्यांत गाडी बंद ठेवणें परवडेना.

येथें मोटारीच्या रचनेकडे थोडें लक्ष दिलें पाहिजे. बैलगाडींत ओढणारें जनावर पुढें असतें आणि गाडी त्याच्या मागून येते. त्या काळच्या मोटारींत इंजिन पुढें, पण त्याचें बळ एका लांब दांड्यानें मागच्या चाकांना पोंचविलेलें असे. म्हणजे वजनाचा मोठा वांटा पुढें, आणि ढकलण्याचें काम मात्र मागें. कोरड्या सडकेवर यांत कांहीं बिघडत नाहीं. चढावर तर गाडीचा भार मागें झुकतो आणि मागचीं चाकें अधिकच घट्ट रोवलीं जातात. परंतु बर्फावर पकड मुळांतच थोडी. त्यांत मागें पुरेसें वजन नसलें म्हणजे चाकें जागच्या जागीं फिरतात, त्या घर्षणानें खालचा बर्फ किंचित् वितळतो, पुन्हां गोठून कांचेसारखा होतो, आणि गाडी जितका जोर करावा तितकी अधिक रुतते. भर पावसांत चिखलांतून मोटार ढकलण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना हें निराळें सांगावयास नको. शिवाय मागच्या दोन चाकांमध्यें डिफरन्शियल असतो. वळणावर दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देणें हें त्याचें काम. पण एक चाक बर्फावर आणि दुसरें कोरड्या जमिनीवर असलें तर तो निसरड्या चाकालाच गरगर फिरवीत बसतो आणि धड चाक स्वस्थ उभें राहतें.

याहून मोठा धोका वळणावरचा. ढकलणारीं चाकें घसरूं लागलीं कीं गाडीची शेपूट आडवी होऊं पाहते. अशा वेळीं घाबरलेला मनुष्य ब्रेक दाबतो, आणि तेंच चुकतें. मॉडेल टीच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. जो कांहीं अवरोध होई तो मागून, म्हणजे जेथें पकड सुटली आहे तेथेंच होई. खरा उपाय असा, कीं पेट्रोल हळूंच कमी करावें, ब्रेकला स्पर्श करूं नये, आणि मागचा भाग ज्या बाजूला सरकत असेल त्याच बाजूला पुढचीं चाकें वळवावीं. हें ऐकण्यास उलटें वाटतें. त्यामुळेंच तें एखाद्या मोकळ्या मैदानांत दहा वेळां करून पाहिल्याशिवाय अंगवळणीं पडत नाहीं. जुन्या गाड्यांच्या बाजूनें एवढें मात्र म्हटलें पाहिजे, कीं त्यांचीं चाकें उंच आणि अरुंद असत. भुसभुशीत बर्फ कापून तीं खालच्या टणक थरापर्यंत पोंचत, आणि गाडीचें पोटही बर्फाला लवकर टेंकत नसे.

साखळ्यांची युक्ति याच काळांतील. चिखलांतून जाण्यासाठीं लोक टायरांना दोरखंड गुंडाळीत असत. न्यू यॉर्क राज्यांतील कॅनास्टोटा गांवच्या हॅरी वीड यानें त्या जागीं लोखंडी साखळ्यांचें जाळें बसविलें आणि १९०४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. मागच्या चाकांवर तें चढविलें कीं प्रत्येक आडवी कडी बर्फांत नखाप्रमाणें रुते. मात्र उघड्या सडकेवर याच साखळ्या खडखडाट करीत, झिजत आणि तुटत. म्हणून त्या चढवाव्या केव्हां आणि उतरवाव्या केव्हां याचा विचार कुडकुडत्या हातांनीं दिवसांतून अनेकदां करावा लागे.

गाडी सुरू करणें हाही एक विधीच होता. रात्रीं रेडिएटरमधील पाणी काढून घ्यावयाचें, नाहीं तर तें गोठून इंजिन फुटे. सकाळीं ऊन पाणी ओतावयाचें. थंडीनें तेल इतकें दाट झालेलें असे, कीं हँडल मारतांना मागचीं चाकेंही फिरूं पाहत. म्हणून एक मागचें चाक जॅकनें उचलून मग हँडल मारण्याची रीत होती. या सर्व उपद्व्यापाला कंटाळून पुष्कळ लोक पहिला बर्फ पडला कीं गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि वसंत ऋतूपर्यंत तिचें नांव काढीत नसत. गांवचा डॉक्टर मोटार बाळगी, पण घोडा विकीत नसे. त्याला शहाणाच म्हटलें पाहिजे.

आतां प्रश्न असा होता: बर्फासाठीं मोटार बदलावी, कीं मोटारीसाठीं बर्फ हटवावा? पहिल्या पक्षाचा एक पुरस्कर्ता न्यू हॅम्पशायरमधील वेस्ट ऑसिपी येथील फोर्ड गाड्यांचा विक्रेता व्हर्जिल व्हाइट हा होय. त्यानें मॉडेल टीचीं पुढचीं चाकें काढून तेथें घसरपट्ट्या बसविल्या, मागें चाकांची आणखी एक जोडी दिली आणि मागच्या चाकांवरून पट्टे चढविले. वजन पसरलें, पकड वाढली. १९१७ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि पुढील दशकांत त्याचें हें साहित्य बाजारांत आलें. खेड्यांतील डॉक्टर आणि टपालवाले हे त्याचे मुख्य ग्राहक होते.

दुसरा मनुष्य क्वेबेकमधील व्हालकोर गांवचा जोसेफ-आर्मां बोंबार्दिए. जन्म १९०७ चा. वयाच्या पंधराव्या वर्षीं त्यानें घसरगाडीला मोटारीचें इंजिन आणि विमानासारखा पंखा लावून ती बर्फावर चालविली होती. पुढें त्यानें गांवांत मोटारदुरुस्तीचें दुकान काढलें. उन्हाळ्यांत काम भरपूर. हिंवाळ्यांत गिऱ्हाइकांच्या गाड्या घरींच, तेव्हां तो बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करीत बसे. १९३४ च्या जानेवारींत त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटांत दुखूं लागलें. आंत्रपुच्छ फुटून विष पोटभर पसरलें होतें. शस्त्रक्रियेसाठीं शेरब्रुकच्या रुग्णालयांत नेणें अवश्य होतें. पण रस्ते बर्फानें बुजलेले, मोटार चालण्यासारखी नव्हती, आणि बापाच्या दुकानांतील यंत्र अजून अपुरें होतें. मूल दगावलें.

बोंबार्दिएनें काम सोडलें नाहीं. रबरानें मढविलेलें दांतेरी चाक आणि त्याच्यावरून फिरणारा पट्टा ही त्याची रचना पुढच्याच वर्षीं सिद्ध झाली, आणि १९३७ सालीं तिचें पेटंट त्याला मिळालें. सात माणसें बसतील अशी त्याची गाडी निघाली. पुढें घसरपट्ट्या, मागें पट्टे, आणि इंजिनही मागें, म्हणजे भार जेथें हवा तेथें. नंतर बारा माणसांची गाडी आली. या गाड्यांनीं रोगी दवाखान्यांत पोंचविले, शाळेचीं मुलें आणलीं, टपाल नेलें. १९४२ सालीं त्यानें रीतसर कंपनी स्थापन केली.

परंतु दुसरा पक्षही स्वस्थ बसलेला नव्हता. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या आगगाड्या मालानें तुंबल्या, तेव्हां लष्करी ट्रक सडकेनेंच पूर्वकिनाऱ्याकडे धाडण्याचें ठरलें. १९१७-१८ च्या त्या कडक हिंवाळ्यांत पेनसिल्व्हेनिया राज्यानें या ट्रकांसाठीं डोंगरांतील सडक सतत साफ ठेवली. ट्रकला नांगर जोडून बर्फ बाजूला सारतां येतो, हें तेथें स्पष्ट दिसलें. युद्धानंतर लष्कराचे जास्तीचे ट्रक राज्यांच्या रस्तेखात्यांना मिळाले आणि नांगरांचें काम वाढलें. घसरगाडीवाल्या शेतकऱ्यांस हें कसें रुचावें? नांगरानें उघड्या केलेल्या खडीवरून त्यांच्या गाड्यांच्या लोखंडी पट्ट्या घांसत जात. पण घोडे कमी होत गेले आणि तक्रारही मावळली. अखेर १९४८ सालीं क्वेबेक सरकारनें ग्रामीण रस्तेही हिंवाळ्यांत साफ ठेवण्याचें ठरविलें. एका वर्षांत बोंबार्दिएची विक्री जवळजवळ निम्म्यानें घटली. ज्या रस्त्यावर त्याचें मूल अडलें तो रस्ता मोकळा झाला, आणि त्याच कारणानें त्याचा धंदा बसला. पुढें त्यानें जंगलांत व दलदलींत चालणारीं यंत्रें केलीं, आणि १९५९ सालीं एकदोघांपुरती हलकी ‘स्की-डू’ काढली.

साफ केलेल्या रस्त्यावरही मागून चालणारी मोटार निसरडीच राहिली. फिनलंडमधील रबराच्या कारखान्यानें १९३४ सालीं ट्रकांसाठीं आणि १९३६ सालीं लहान मोटारींसाठीं हिंवाळी टायर काढले. त्यांवरील खोल, आडव्या खांचा बर्फ पकडीत. जर्मनीच्या फोल्क्सवागननें इंजिनच मागें ठेवलें. फ्रान्सच्या सित्रोएननें १९३४ पासून पुढच्या चाकांना चाल देणारी मोटार मोठ्या प्रमाणावर विकली. पण अमेरिकेंतील सामान्य मोटारींत ती पद्धत रूढ होण्यास १९८० चें दशक उजाडावें लागलें. तोंपर्यंतच्या पन्नास-साठ हिंवाळ्यांत तेथील कुटुंबांचा उपाय साधा होता. पहिला बर्फ पडला कीं डिकींत, मागच्या आंसाच्या बरोबर वर, वाळूचीं दोन-तीन पोतीं ठेवीत. चाकांवर भार येई. आणि इतकें करूनही गाडी रुतलीच, तर एक पोतें फोडून तीच वाळू चाकांखालीं पसरीत.