पायमोज्याचा दाब : राजवैद्यापासून इंजिनिअरपर्यंत

भात लावणी असो, चुलीपुढचा स्वयंपाक असो की शिलाई मशीन, दिवसभर उभं राहून किंवा पाय खाली सोडून बसून संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, पोटऱ्या ठणकतात. अशा पायांसाठी डॉक्टर कधी कधी घट्ट पायमोजे सांगतात. औषधाच्या दुकानात त्यांना कॉम्प्रेशन सॉक्स म्हणतात. आज त्यांचा इतिहास ऐकू या.

आधी पायाचं गणित. हृदय रक्त खाली ढकलतं, पण ते परत वर चढवायचं काम मोठ्या प्रमाणात पोटरीचे स्नायू करतात. आपण चाललो की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. एका जागी तासन् तास उभं राहिलं की हा पंप थांबतो. झडपा कमकुवत झाल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात आणि पुढे घोट्याजवळ न भरणारी जखमही होऊ शकते.

बाहेरून दाब दिला तर बरं वाटतं, हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पट्ट्या बांधण्याचे 14 प्रकार सांगितले आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचे शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन यांनी पायावरच्या जखमांसाठी नाडीनं आवळायचा चामड्याचा मोजा वापरला. पट्टी चालता चालता सैल होते, पण मोजा हवा तेव्हा पुन्हा आवळता येतो. अडचण एकच, चामडं पायाबरोबर ताणत नाही.

ताणणारी वस्तू म्हणजे रबर. पण तेव्हाचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून तापवलेलं रबर टिकतं असं आढळलं. त्यानंतर रबराच्या धाग्याचे ताणणारे मोजे निघाले.

तरीही दाब कुठे किती हवा, हा प्रश्न होताच. त्याचं उत्तर एका रुग्णाला सापडलं. जर्मनीत जन्मलेले कॉनराड जोब्स्ट अमेरिकेतल्या टोलेडो शहरात इंजिनिअर होते. त्यांना स्वतःला फुगलेल्या शिरांचा आणि पायावरच्या जखमांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त आणि वर कमी कमी. तसाच दाब देणारा मोजा त्यांनी 1950 च्या सुमारास तयार केला. आजचे कॉम्प्रेशन सॉक्स याच तत्त्वावर चालतात.

या इतिहासात आपल्यासाठी मोठा धडा आहे. दाब खाली जास्त आणि वर कमी हवा. म्हणून गुडघ्याखाली फडकं करकचून बांधणं उलटं आहे. त्यानं वर चढणारं रक्त तिथेच अडतं. मोज्याची वरची कड दुमडली तरी हाच त्रास होतो. मोजे सकाळी, सूज चढण्याआधी घालायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. साधारणपणे रात्री झोपताना काढायचे.

मात्र मोजे सगळ्यांसाठी नाहीत. पायाकडे जाणारं रक्तच कमी असेल किंवा मधुमेहानं पाय बधिर झाले असतील, तर घट्ट मोज्यानं जखम होऊ शकते आणि ती कळतही नाही. म्हणून आधी डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या आणि माप घोटा व पोटरी मोजूनच घ्या. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर मोजा शोधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. गरोदरपणी सुजेबरोबर डोकं दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब लगेच तपासा.

आणि ज्यांना मोजे परवडत नाहीत त्यांनीही पोटरीचा पंप चालू ठेवावा. उभ्या कामात अधूनमधून टाचा वर-खाली करा, चार पावलं चाला, दुपारी थोडा वेळ पाय उशीवर उंच ठेवून पडा. घरातल्यांना सांगा, हा आळस नाही, हा उपचार आहे.