धुराड्यापासून संमतीपत्रापर्यंत : मुंबई परिसरातील प्रदूषण आणि कायदा

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेव येथे स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भायखळा, लालबाग आणि परळचा परिसर धुराड्यांनी भरून गेला. कोळशाच्या धुराची काजळी चाळींत शिरे. गिरणीच्या आत कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्याने कामगारांना बिसिनोसिस हा फुप्फुसांचा विकार जडत असे.

त्या काळी प्रदूषणाकडे उपद्रव म्हणून पाहिले जाई. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक झरा किंवा जलाशय घाण करणे (कलम २७७) आणि हवा आरोग्यास अपायकारक करणे (कलम २७८) हे गुन्हे ठरवले होते. दोन्हींसाठी दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपये होती. मात्र कृत्य जाणूनबुजून केल्याचे सिद्ध करावे लागे. शेकडो धुराड्यांच्या शहरात ते अवघडच होते. म्हणून १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचा रोख भट्ट्यांच्या धुरावर होता.

स्वातंत्र्यानंतर प्रदूषणाचे स्वरूप बदलले. १९५० च्या दशकात तुर्भे-चेंबूर भागात तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे ठाणे-बेलापूर आणि अंबरनाथ-कल्याण पट्ट्यांत रासायनिक उद्योग वाढले. गंधक डायऑक्साइडसारखे वायू डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वसनमार्गाला इजा करतात. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे मरतात. पाऱ्यासारखे जड धातू माशांच्या शरीरात साठून माणसाच्या ताटापर्यंत पोहोचतात. याची पहिली झळ खाडीवर पोट असलेल्या कोळ्यांना बसते.

महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण रोखण्यासाठी राज्य मंडळ स्थापले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. या कायद्यांनी मुळातली दिशा पालटली: हानी झाल्यावर दंड करण्याऐवजी कारखाना उभारण्यापूर्वी आणि चालवण्यापूर्वी मंडळाचे संमतीपत्र बंधनकारक झाले.

अंमलबजावणीचा कणा म्हणजे सांडपाण्याचा नमुना. खटल्यात पुरावा म्हणून टिकण्यासाठी अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस देऊन नमुना घ्यावा लागतो, त्याचे दोन भाग करून मोहोरबंद करावे लागतात. ही रीत चुकली, तर खटला कोसळतो. जल कायद्याच्या १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला उद्योग बंद करण्याचे आणि वीज-पाणी तोडायला लावण्याचे अधिकार दिले. खटल्यापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो.

मात्र नद्या आणि खाड्यांतील घाणीचा फार मोठा वाटा शहरांच्या घरगुती सांडपाण्याचा आहे, आणि शहराला टाळे लावता येत नाही. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण म्हणूनच महापालिकांवरही पर्यावरणीय भरपाई बसवते. ती भरपाई सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारून ती अखंड चालवण्यास भाग पाडते का, यावरच या कायद्यांचे खरे यश ठरते.