खेळणाऱ्या मुली आणि कॉलेजचं दार

आज आपल्याला टेनिसबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातल्या कुणी म्हणेल, आमच्या गावात कबड्डी आहे, खो-खो आहे, टेनिसचा आमचा काय संबंध? खरं आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यातल्या खेड्यात जा, मुलींच्या हातात रॅकेट दिसायची नाही. पण आजची गोष्ट रॅकेटपुरती नाही. मुलगी खेळली तर तिच्या शिक्षणाचं काय होतं, हा आपल्या प्रत्येक घरातला प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर टेनिसच्या इतिहासात सापडतं, आणि त्यात आपल्या मराठी मुली आहेत.

सुरुवात करू ऋतुजा भोसलेपासून. तिचा जन्म १९९६ चा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. वडील पोलीस खात्यात. लहानपणापासून ती टेनिस खेळली, आणि अठराच्या आसपास तिच्यापुढे तो प्रश्न उभा राहिला जो आपल्याकडे चौदाव्या वर्षीच उभा राहतो. खेळायचं की शिकायचं? आपल्या देशात बहुतेक टेनिसपटू या वळणावर पुस्तक बंद करतात, नाहीतर रॅकेट माळ्यावर टाकतात. ऋतुजानं तिसरी वाट धरली. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि २०१७ पर्यंत तिथे शिकता शिकता कॉलेजच्या संघातून खेळली.

या विद्यापीठाच्या नावातली 'ए' आणि 'एम' ही अक्षरं मुळात शेतकी आणि यांत्रिकी या शब्दांची. म्हणजे आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं जुनं लांबचं भावंडच म्हणा. ते १८७६ साली सुरू झालं. मुलांचं, लष्करी शिस्तीचं कॉलेज होतं ते. मुलींना नियमित प्रवेशाचं दार उघडलं १९६३ साली, तेही आधी अर्धवट. ज्या कॉलेजात सत्त्याऐंशी वर्षं मुलींना रीतसर जागा नव्हती, त्याच कॉलेजच्या नावानं पुढे श्रीरामपूरची मुलगी मैदानात उतरली. हे आपोआप झालं नाही. मधे काय घडलं ते ऐकण्यासारखं आहे.

अमेरिकेत बिली जीन किंग नावाची मोठी टेनिसपटू आहे. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिनं विम्बल्डनमध्ये महिला दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. विम्बल्डन म्हणजे टेनिसची पंढरीच. एवढी मोठी खेळाडू कॉलेजात गेली, पण तिला खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्याच शहरातल्या कॉलेजांत चांगल्या पुरुष खेळाडूंची फी माफ होती, राहणं-जेवण फुकट होतं. हिला शिकताना काम करून पैसे उभे करावे लागले. खेळ तोच, घाम तोच, फरक फक्त मुलगी असण्याचा.

मग १९७२ च्या जून महिन्यात अमेरिकेत एक कायदा झाला. त्यातलं मुख्य वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत बाई किंवा पुरुष आहे म्हणून कुणाला वगळता येणार नाही, असा त्याचा मतलब. गंमत बघा, त्या वाक्यात खेळ हा शब्दच नाही. पण बायकांनी धरून ठेवलं की शाळा-कॉलेजातला खेळ हाही शिक्षणाचाच भाग आहे. मुलांच्या संघाला शिष्यवृत्ती देता, तर मुलींच्या संघालाही द्या. कोर्टकचेऱ्या झाल्या, विरोध झाला, पण चाल टिकली. कायद्याच्या आधी तिथल्या माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आज त्या तीस लाखांवर आहेत. १९८२ पासून तिथल्या मोठ्या कॉलेज संघटनेनं मुलींच्या टेनिसची राष्ट्रीय स्पर्धाही भरवायला सुरुवात केली.

आता या कॉलेजच्या टेनिसचं चालतं कसं, ते सोपं करून सांगतो. एरवी टेनिस एकट्याचा खेळ. हरलं तर एकटीनं, जिंकलं तर एकटीनं. कॉलेजात मात्र तो संघाचा होतो. दोन कॉलेजं समोरासमोर येतात. आधी दुहेरीचे तीन सामने होतात, त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाचा एक गुण. एकूण सात गुणांपैकी चार ज्याचे, तो संघ जिंकला. म्हणजे आपली सर्वांत चांगली मुलगी जिंकली तरी सहाव्या नंबरच्या मुलीचा सामना तितक्याच मोलाचा. बचत गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. एकीचा हप्ता चुकला तर सगळ्या गटाची पत जाते, आणि एकीनं सावरलं तर सगळ्या सावरतात.

ऋतुजा शिकत होती त्या काळात वरच्या दर्जाच्या प्रत्येक कॉलेजला मुलींच्या टेनिस संघासाठी आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यात. त्या फक्त अमेरिकन मुलींनाच द्यायच्या असं बंधन नव्हतं, म्हणून जगभरच्या मुली तिथे येतात. पण अटी कडक होत्या. ठरलेले विषय पास व्हायचे, ठरलेले गुण टिकवायचे, नाहीतर संघाबाहेर. सराव आठवड्याला वीस तासांपर्यंतच, कारण अभ्यासाला वेळ राहिला पाहिजे. खेळ अभ्यासाला खाणार नाही आणि अभ्यास खेळाला मारणार नाही, अशी ती वाटणी होती.

कॉलेज संपवून ऋतुजा पूर्णवेळ टेनिसमध्ये आली. मार्च २०२० मध्ये दुबईत देशादेशांच्या महिला संघांची फेड कप स्पर्धा होती. भारतीय संघात ती होती, अंकिता रैना होती, आणि आई झाल्यावर पुन्हा मैदानात आलेली सानिया मिर्झा होती. इंडोनेशियाविरुद्ध पहिला सामना ऋतुजाचा होता. तीन सेटपर्यंत झुंजून ती हरली. मग अंकितानं दुसरा सामना जिंकून बरोबरी साधली, आणि अंकिता-सानिया जोडीनं दुहेरी जिंकून भारताला पुढे नेलं. या स्पर्धेत भारत पहिल्यांदाच पुढच्या, म्हणजे प्ले-ऑफच्या टप्प्यात पोचला. त्याच वर्षी त्या स्पर्धेचं नाव बदलून बिली जीन किंग कप ठेवण्यात आलं. जिला कॉलेजात शिष्यवृत्ती नाकारली गेली, तिचंच नाव आता सगळ्या जगाच्या चषकावर आहे.

मग आला ३० सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई खेळ चालू होते. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात सत्तावीस वर्षांची ऋतुजा आणि त्रेचाळीस वर्षांचा रोहन बोपण्णा. समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट भारताच्या जोडीनं २-६ असा गमावला. दुसरा ६-३ असा घेतला. आता निकाल लावणारा छोटा डाव, ज्यात आधी दहा गुण करणारा जिंकतो. तो त्यांनी १०-४ असा मारला आणि सोनं भारताचं झालं. आधी २००६ आणि २०१४ साली मिश्र दुहेरीचं सोनं भारताला मिळालं होतं, दोन्ही वेळा सानिया मिर्झाच्या साथीनं. या वेळी त्या जागी श्रीरामपूरची मुलगी उभी होती. दुहेरी म्हणजे सोबतिणीची, सोबत्याची चूक पदरात घेऊन पुढचा चेंडू खेळणं. कॉलेजच्या संघात ही सवय अंगी मुरते, असं आम्हाला वाटतं.

आता थोडं मागे जाऊ. मराठी घरातली बाई टेनिस खेळते, ही गोष्ट आजची नाही. पंडिता क्षमा राव यांचं नाव संस्कृत शिकलेल्यांना माहीत असतं. १८९० साली जन्मलेल्या या बाईंनी गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिलं. ते 'सत्याग्रहगीता' पुस्तक १९३२ साली छापलं गेलं, तेही पॅरिसला. याच क्षमाबाई उत्तम टेनिस खेळत. आणि त्यांची मुलगी लीला राव हिनं १९३४ साली विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकला. पहिला सेट हरून, दुसरा १०-८ असा खेचून, तिसरा ६-२ असा घेतला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. दुसऱ्या फेरीत ती हरली, पण वाट पडली होती.

त्या वेळी आपली हिंगोली कुठे होती? निजामाच्या राज्यात. एकेकाळी इथे पलटणीची मोठी छावणी होती, पण गावच्या मुलींना शाळा म्हणजे दूरची गोष्ट. मुंबईत डॉक्टरांच्या घरातली लीला विम्बल्डनला पोचली तेव्हा आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसलेल्या होत्या. लीलाच्या अंगात गुण होते यात शंका नाही. पण तिच्या पाठीशी शिकलेली, स्वतः खेळणारी आई होती, आणि घरात पैसा होता. आपल्या आज्यांच्या अंगात गुण नव्हते असं कोण म्हणेल? त्यांना मैदानच मिळालं नाही. १९३४ ची लीला आणि २०२३ ची ऋतुजा यांच्यामधला खरा फरक हा आहे. लीलाची वाट घरानं उघडली. ऋतुजाच्या वेळी घराच्या जोडीला कॉलेजही होतं, आणि त्या कॉलेजच्या मागे कायदा होता.

आणि गाव लहान म्हणून मुलगी लहान राहते असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे घ्या. २०१४ च्या आशियाई खेळांत तिनं सानियाबरोबर महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवलं, आणि २०१६ साली ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. बार्शी काही मुंबई-पुणे नाही, आपल्यासारखंच बाजारपेठेचं गाव.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. टेनिस महाग आहे. रॅकेट, चेंडू, बूट, प्रवास, शिकवणारा माणूस, सगळ्याला पैसा लागतो. हळदीचा भाव पडला की वह्या-पुस्तकांचा खर्च मागे सरकतो, तिथे रॅकेट कुठून येणार? म्हणून आमचं म्हणणं सगळ्या मुलींना टेनिसपटू करा असं मुळीच नाही. म्हणणं एवढंच, की खेळ आणि शिक्षण एकमेकांचे वैरी नाहीत. जिथे नियम नीट बांधले, तिथे खेळानं मुलीला कॉलेजपर्यंत नेलं आहे.

आपल्याकडेही काही दारं आहेत, थोडी अरुंद असली तरी. शालेय स्पर्धांत ठरलेल्या पातळीवर खेळलेल्या मुलीला दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी शाळेकडून वेळेत प्रस्ताव जावा लागतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं या आपल्या खेळांतूनही तिथपर्यंत जाता येतं. म्हणून मुलीनं आणलेलं प्रत्येक प्रमाणपत्र घडी न करता, रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत आहे. सरावासाठी तालुक्याच्या शाळेत थांबायचं तर शेवटची गाडी किती वाजता, हे पालकसभेत विचारायला हरकत नाही.

आणि सगळ्यांत अवघड दार आपल्याच घरात असतं. सातवी-आठवीपर्यंत पोरगी पळते, पुढे पाळी येते, आणि मैदान सुटतं. 'आता मोठी झालीस' एवढं एक वाक्य पुरतं. हळदीच्या काढणीत, ऊसतोडीच्या हंगामात पहिली सुट्टी तिच्या सरावाला लागते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत स्थळं यायला लागतात. अठराच्या आत लग्न लावणं कायद्यानं गुन्हा आहे, हे आपण सगळ्या जाणतो. संघात जागा असलेल्या मुलीच्या घरी निदान शिक्षक येतात, प्रशिक्षक येतात, मैत्रिणी येतात, 'हिला पाठवा' म्हणतात. हेही एक कवचच असतं.

अमेरिकेत ते एक वाक्य कायद्यात आलं ते बायकांनी धरून ठेवलं म्हणून टिकलं. आपल्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बायका बसतात. मैदान मुलींना किती वाजता मिळतं, खेळाच्या साहित्याचा पैसा कुठे गेला, मुलींसाठी कपडे बदलायला खोली आणि चालू संडास आहे का, हे प्रश्न तिथे विचारले गेले पाहिजेत.

गटाच्या पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी तीन प्रश्न देतो. एक, आपल्या गावात आठवीनंतर किती मुली खेळतात, आणि ज्यांनी सोडलं त्यांनी का सोडलं? दोन, शाळेचं मैदान मुलींच्या वाट्याला खरोखर किती वेळ येतं? तीन, एखादी मुलगी जिल्ह्याला निवडली गेली तर तिच्या प्रवासासाठी गटाच्या निधीतून मदत करायला आपण तयार आहोत का? उत्तरं लिहून ठेवा, आणि त्यातलं एक तरी येत्या ग्रामसभेत मांडा.