भाजी खुडणारे हात

ताटातली भाजी स्वच्छ असावी असे कोणाला वाटत नाही? ती निवडावी, दोन-तीन पाण्यांनी धुवावी आणि मग चिरावी, हा धडा आपल्या घरोघरी आजीपासून नातीपर्यंत चालत आलेला आहे. परंतु ती ज्या हातांनी खुडली, ते हात धुवावयास शेतात पाणी होते काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. माल दिसण्याआधी आम्हांला तो हाताळणारा माणूस दिसतो. म्हणून अन्नशुद्धीचा हा इतिहास आम्ही त्या हातांपासून सांगणार आहोत. तो घडला अमेरिकेत.

८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिआँग यांच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. आठवडाभरातच सेझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांची संघटना त्यांना येऊन मिळाली. संप पाच वर्षे चालला. शहरांतील गृहिणींनी द्राक्षे घेणे सोडले, तेव्हा कोठे जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या. संघटनेने मिळविलेल्या करारांत मजुरीबरोबर शेतातील शौचकूप, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि हात धुण्याची सोय यांचीही कलमे आली, डी.डी.टी.च्या फवारणीस मनाई झाली. अमेरिकन सरकारने डी.डी.टी.वर बंदी घातली ती १९७२ साली, म्हणजे मजुरांच्या करारानंतर!

पण करार एका मळ्यापुरता असतो. कायदा सर्वांसाठी असतो. १९७२ साली शेतमजुरांच्या वतीने केंद्र सरकारकडे अर्ज गेला, की कारखान्यातल्या कामगाराला शौचकूप मिळते तसे शेतातल्यालाही मिळावे. मागणी एवढीच. तिच्यासाठी जवळजवळ पंधरा वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. आडोसा नाही म्हणून बायका भर उन्हात पाणी पिण्याचे टाळीत आणि दुखणी ओढवून घेत. अखेर फेब्रुवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सरकारच्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढून नियम काढण्याचा हुकूम दिला, आणि १ मे १९८७ रोजी तो प्रसिद्ध झाला. वीस मजुरांमागे एक शौचकूप व हात धुण्याची एक सोय, तीही पाव मैलाच्या आत. पिण्याचे थंड पाणी, आणि एकाच पेल्याने सर्वांनी पिण्यास मनाई. मात्र दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेली शेते त्यातून वगळली गेली.

हा नियम झाला मजुराच्या आरोग्यासाठी. खाणाऱ्याचेही आरोग्य त्यातच गुंतलेले आहे, हे पुढे कळून आले. २००३ साली पेनसिल्व्हेनियातील एका उपाहारगृहात जेवलेल्या साडेपाचशेहून अधिक माणसांना कावीळ झाली, तिघे दगावले. कारण निघाले मेक्सिकोहून आलेली कांद्याची पात. या काविळीचे विषाणू माणसाच्या विष्ठेतून पसरतात. म्हणजे कोठेतरी हात किंवा पाणी अस्वच्छ होते. २००६ साली कॅलिफोर्नियाच्या पालकाने सुमारे दोनशे माणसे आजारी पडली, तीही तिघांचे प्राण घेऊन. तेथे मात्र तेच जंतू जवळच्या गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि नदीच्या पाण्यात सापडले. तेव्हा सारा दोष मजुराच्या हाताला लावून मोकळे होता येत नाही. पाणी, खत, जनावरे, अवजारे, सारेच पाहावे लागते.

अमेरिकेचा २०११ चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखाली २०१५ साली झालेले ताज्या भाजीपाल्याचे नियम नेमके हेच सांगतात. हात धुण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य ई. कोलाय जंतूचा मागमूस असता कामा नये. आजारी मजुराने मालाला हात लावू नये. मजुरांना स्वच्छतेचे शिक्षण द्यावे. पण आजारी मजूर घरी बसला, तर त्याची त्या दिवसाची चूल कशी पेटावी? रोजावर जगणारा माणूस अंगात ताप असला तरी कामावर येतो. पगारी रजेवाचून हे कलम कागदावरच राहते.

आता आपल्याकडे वळू. आपला अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याच्या अठराव्या कलमाने शेतकरी आणि शेतीची कामे कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविली आहेत. कायदा शेताच्या बांधाशी थांबतो. लहान शेतकऱ्यामागे तपासनीसांचा ससेमिरा लागू नये हे आम्हांलाही मान्य आहे. पण नाशिकची द्राक्षे युरोपात जातात, तेव्हा तेथील दुकानदारांनी १९९७ साली सुरू केलेल्या प्रमाणपत्राच्या पद्धतीप्रमाणे मजुरांसाठी शौचकूप आणि हात धुण्याची सोय आहे काय, हे तपासले जाते. परदेशच्या गिऱ्हाइकासाठी जे होऊ शकते, ते आपल्या मंडईत येणाऱ्या मेथी-कोथिंबिरीसाठी का होऊ नये? त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये. बाजार समित्यांनी, सरकारने आणि आपण गिऱ्हाइकांनी तो वाटून घ्यावा. डेलानोचा संप शहरातल्या गृहिणींच्या साथीने यशस्वी झाला. उद्या मंडईत जुडी हाती घेताना आपणही भावाबरोबर हा एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.