सहाशे डॉलरचा माणूस: एका लॉटरी तिकिटाची गोष्ट

१/ लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस प्रत्यक्षात काय विकत घेतो? बक्षीस लागण्याची शक्यता किती अल्प आहे, हे त्यालाही ठाऊक असते. तरीही तिकीट हाती आल्यापासून सोडत निघेपर्यंतचे दिवस त्याचे असतात. त्या दिवसांत त्याचे घर बांधून होते, कर्ज फिटते, मुलांची शिक्षणे पार पडतात. मनातले मांडे खाण्यासाठी एका तिकिटाचा खर्च पुरतो.

२/ पण ज्याचे स्वतःचे शरीरही त्याच्या मालकीचे नाही, अशा माणसाने तिकीट घेतले तर तो कोणते मनोराज्य रचेल? अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या चार्ल्स्टन शहरात १७९९ मध्ये असे एक तिकीट विकले गेले. ते घेणाऱ्या गुलामाचे नाव डेन्मार्क व्हेसी. हा थ्रेड त्याच्याविषयी.

३/ अठराव्या शतकातील अमेरिकेत लॉटरी ही सार्वजनिक कामांसाठी पैसा उभारण्याची रूढ आणि प्रतिष्ठित रीत होती. बँका मोजक्या होत्या आणि नवे कर लोकांना नको असत. त्यामुळे रस्ते, पूल, चर्च, हार्वर्डसारख्या महाविद्यालयांच्या इमारती, अशा अनेक कामांसाठी लॉटऱ्या निघत. स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागवण्यासाठी १७७६ मध्ये खुद्द काँटिनेंटल काँग्रेसनेही लॉटरी काढली होती.

४/ या लॉटऱ्यांची आणखी एक बाजू होती. कर्जात बुडालेला जमीनदार आपली मालमत्ता लॉटरीत काढून धनकोंचे पैसे फेडू शके. व्हर्जिनियातील बर्नार्ड मूर याने १७६९ मध्ये तसे केले. त्याच्या बक्षिसांच्या जाहीर यादीत जमिनींबरोबर गुलाम माणसेही होती, नावानिशी नोंदलेली. या लॉटरीच्या व्यवस्थापकांत जॉर्ज वॉशिंग्टन होते.

५/ म्हणजे ज्या समाजात माणूस हेच लॉटरीचे बक्षीस ठरू शकत होते, त्याच समाजात तीस वर्षांनी एका गुलामाने तिकीट घेतले. ज्या दास्याचा अंत घडवणाऱ्या अमेरिकी जनतेला जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, तेच हे दास्य.

६/ व्हेसीचा जन्म सुमारे १७६७ चा. १७८१ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस या डॅनिश बेटावरून जोसेफ व्हेसी नावाच्या कप्तानाने ३९० गुलाम आपल्या जहाजात चढवले. त्यांत हा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, तो विकला गेला. उसाच्या मळ्यांतील जीवघेण्या राबणुकीसाठी ही वसाहत कुप्रसिद्ध होती.

७/ काही महिन्यांतच खरेदीदाराने तक्रार केली की मुलाला फेफरे येते. सदोष माल विक्रेत्याने परत घ्यावा, हा व्यापाराचा नियम माणसांनाही लागू होता. कप्तानाला मुलगा परत घ्यावा लागला. त्याने त्याला स्वतःच्या चाकरीत ठेवले आणि १७८३ मध्ये तो त्याच्यासह चार्ल्स्टनला स्थायिक झाला. कप्तानाचे आडनाव या मुलाला चिकटले ते कायमचे.

८/ चार्ल्स्टन हे त्या काळातील मोठे बंदर होते. १८०० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १८,८२४ भरली. त्यांतील निम्म्याच्या आसपास लोक गुलाम होते. अनेक मालक आपले गुलाम इतरांकडे मजुरीवर पाठवत आणि मजुरी स्वतः घेत. अशा गुलामांना शहर प्रशासनाचा तांब्याचा बिल्ला बाळगावा लागे. त्यावर वर्ष, क्रमांक आणि कामाचा प्रकार कोरलेला असे.

९/ बंदराच्या कडेने जाणाऱ्या ईस्ट बे स्ट्रीटच्या सुधारणेसाठी १७९९ मध्ये लॉटरी निघाली. व्हेसीने तिकीट घेतले. नोव्हेंबरमध्ये सोडत झाली आणि त्याला १,५०० डॉलरचे बक्षीस लागले. त्यातील ६०० डॉलर त्याने आपल्या मालकांना दिले. ३१ डिसेंबर १७९९ रोजी त्याच्या मुक्ततेचा दस्त झाला. वयाच्या तिशीत तो स्वतःचा मालक झाला.

१०/ पुढे न्यायालयाच्या अहवालात असे नमूद झाले की ६०० डॉलर ही त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा बरीच कमी रक्कम होती. हे वाक्य लिहिणाऱ्यांना त्यात वावगे काही वाटले नव्हते.

११/ उरलेल्या रकमेच्या आधारावर त्याने सुतारकामाचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि त्यात चांगला जम बसवला. एखाद्या लॉटरीविजेत्याची गोष्ट येथे सुखाने संपली असती. परंतु ९०० डॉलर शिल्लक असतानाही त्याला जे सर्वाधिक हवे होते ते विकत मिळत नव्हते.

१२/ त्याची पत्नी बेक दुसऱ्या मालकाची गुलाम होती. तिला विकण्यास मालकाने नकार दिला, असे इतिहासकार नमूद करतात. साउथ कॅरोलायनाच्या १७४० च्या कायद्यानुसार मुलाचा दर्जा आईवरून ठरे. बाप स्वतंत्र असला तरी गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल तिच्या मालकाची मालमत्ता. व्हेसी स्वतंत्र झाल्यावरही त्याची मुले गुलामच राहिली.

१३/ मुक्त होण्याचा मार्गही अरुंद होत गेला. १८०० च्या डिसेंबरमध्ये गुलाम मुक्त करण्यासाठी दंडाधिकारी आणि स्थानिक जमीनमालकांच्या समितीची संमती आवश्यक ठरली. १८२० मध्ये तो अधिकार केवळ राज्याच्या विधिमंडळाकडे गेला. व्हेसीला १७९९ ऐवजी दोन वर्षांनी बक्षीस लागले असते, तर त्याची स्वतःची सुटकाही इतकी सोपी झाली नसती.

१४/ याच काळात सेंट-डोमिंगच्या गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये स्वतंत्र हैती स्थापन केले. चार्ल्स्टनमध्ये कृष्णवर्णीयांनी आपले आफ्रिकन मेथॉडिस्ट चर्च उभे केले. अधिकाऱ्यांनी त्याचा वारंवार छळ केला. व्हेसी त्या चर्चमधील एका वर्गाचा प्रमुख होता. बायबलमधील इजिप्तच्या दास्यातून मुक्त झालेल्या इस्रायली लोकांची कथा तो श्रोत्यांना सांगत असे.

१५/ १८२२ च्या उन्हाळ्यात त्याच्यावर आरोप आला की १४ जुलै या बॅस्टिलच्या दिवशी गुलामांचा उठाव करून हैतीकडे निघून जाण्याचा कट त्याने रचला. काही गुलामांनी मालकांना आधीच खबर दिली. एकूण १३१ जणांना अटक झाली. खटले बंद दाराआड चालले. ३५ जणांना फाशी देण्यात आली. २ जुलै १८२२ रोजी फासावर चढलेल्यांत व्हेसी होता. त्याने अखेरपर्यंत कबुलीजबाब दिला नाही.

१६/ कटाची व्याप्ती किती होती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मायकल जॉन्सन यांनी २००१ मध्ये असा युक्तिवाद केला की न्यायालयाने धमकावून मिळवलेल्या साक्षींतूनच हा कट उभा केला. अन्य अभ्यासकांना कट खरा वाटतो. या साक्षी सत्ताधाऱ्यांनी नोंदवल्या आहेत, याचे भान ठेवूनच त्या वाचाव्या लागतात.

१७/ तरी त्या कागदपत्रांतील दोन जागा एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. शिक्षा सुनावताना न्यायालयाने व्हेसीविषयी आश्चर्य व्यक्त केले: तू स्वतंत्र होतास, तुझ्याजवळ संपत्ती होती, मग हे वेड का? दुसरी जागा एका साक्षीत आहे. स्वतःपुरता तो समाधानी होता, पण आपली सर्व मुले गुलाम असल्यामुळे त्यांच्यासाठी काय करता येईल हे त्याला पाहायचे होते, असे तो म्हणाल्याचे तीत नोंदले आहे.

१८/ सर्वसामान्य तिकीटधारकाच्या मनोराज्यात जगातील प्रत्येक गोष्टीला किंमत असते. अडचण असते ती केवळ पैशांची. व्हेसीच्या जगात माणसांनाही किंमत होती, पैसेही त्याच्या हाती आले होते. मात्र विकायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा होता. लॉटरीने त्याला पैसा दिला, तो अधिकार दिला नाही.

१९/ खटल्यानंतर त्याचा मुलगा सँडी देशाबाहेर पाठवला गेला. चर्च पाडण्यात आले. दुसरा मुलगा रॉबर्ट चार्ल्स्टनमध्येच राहिला आणि यादवी युद्ध संपेपर्यंत जगला. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा तो मुक्त झाला. त्याच वर्षी चार्ल्स्टनमधील ते चर्च पुन्हा उभारण्याच्या कामात त्याचा हात होता. बाप सुतार होता. मुलाच्याही हाती बांधकामाचीच विद्या होती.